आपणच आपल्याला किती बोल लावायचे?

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. लोणंदच्या मार्केटात हळव्या कांद्याची बातमी करायला गेलो होतो. ८ तारखेला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती आणि भाव धाडकन खाली आले होते. सौदे झाल्यावर ओळखीचे एक शेतकरी चहाच्या टपरीवर भेटले. साठीचे असतील. मी आमचा ठरलेला प्रश्न विचारला, "काका, सरकारविषयी काय म्हणणं आहे?" मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली ऐकायला मिळणार. काका कपाकडं बघत म्हणाले, "सरकारला काय म्हनायचं? चूक माजीच. पोरगं म्हनत हुतं, आठ दिस आधी काढू. म्याच ऐकलं न्हाई. माज्यामुळं घर बुडालं."

मी बातमी दिली. त्यात आवक होती, भाव होता, बंदीची तारीख होती. "माझ्यामुळं घर बुडालं" हे वाक्य नव्हतं, कारण ते बातमीत कुठं बसवायचं ते कळेना. पण ते वाक्य आजही डोक्यातनं जात नाही. निर्णय दिल्लीत झाला, तोही एका रात्रीत. आणि त्याचा अख्खा दोष आपल्या तालुक्यातल्या एका माणसानं स्वतःच्या खात्यावर चढवून घेतला.

मंडळी, आजची पोस्ट या एका वाक्याबद्दल आहे. जरा मोठी झालीय, निवांत वाचा.

हे वाक्य फक्त त्या काकांचं नाही. शिरवळ, केसुर्डीच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणारी पोरं बघा. ऑर्डर कमी झाली की पहिली गाज त्यांच्यावर पडते, आणि पोरगं घरी येऊन म्हणतं, "माझ्यातच काहीतरी कमी आहे." पुण्याला खोली घेऊन पाच-पाच वर्षं एमपीएससी करणारी पोरं-पोरी बघा. जागा शेकड्यात, अर्ज लाखात. हे गणित चौथीतल्या पोरालाही कळेल. पण निकाल लागला की पोरगी म्हणते, "बापाच्या पैशाची माती केली मी." घरोघरच्या बाया बघा. पोराला ताप आला तरी चूक आईची, सासूला चहा उशिरा मिळाला तरी चूक तिची. आणि गंमत म्हणजे आता हे दुसऱ्या कुणाला बोलावंही लागत नाही. ती स्वतःच स्वतःला बोलते.

आपण दुसऱ्याच्या पोराला जे शब्द कधी वापरणार नाही, ते स्वतःला रोज वापरतो. नालायक, बिनकामाचा, भार. आणि वर याला आपण सद्गुण समजतो. "स्वतःला फार जपू नये, माणूस सोकावतो," असं आपल्याकडं म्हातारी माणसं सांगत आली.

यावर बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारेल. म्हणून घरचं सांगतो.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. वडिलांचा ऑक्सिजन खाली आला. मी पत्रकार, वीस वर्षांच्या ओळखी. साताऱ्यापासून पुण्यापर्यंत फोन लावले. बेड मिळायला दोन दिवस गेले. नवव्या दिवशी वडील गेले. तेव्हा किती घरांत हे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातल्या अनेकांच्या घरातच झालं. त्या दिवसांत दुसऱ्यांच्या घरी गेलो की मी सांगायचो, "तुम्ही होतं तेवढं केलंत, आता मनाला लावून घेऊ नका." आणि रात्री तीन वाजता जाग आली की स्वतःला म्हणायचो, "तू बाप मारलास. तुझ्या ओळखी काय चुलीत घालायच्या?"

हे दोन वर्षं चाललं. झोप गेली. जेवणावरचं मन उडालं. फोन वाजला की छातीत धडधडायचं. बातम्या देत होतो, सभांना जात होतो, हसत होतो. गावात कुणाला पत्ता नव्हता. घरात मात्र होता. एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्याच्या मयतीला गेलात की असं बोलता का? मग स्वतःशीच का असं बोलता?" मग तिनंच साताऱ्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. होय, मी गेलो. आणि होय, काही महिने गोळ्याही घेतल्या. हे पहिल्यांदाच उघड लिहितोय.

डॉक्टरांनी मला फार उपदेश केला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. "तुमचा सगळ्यात जवळचा मित्र इथं या खुर्चीत बसलाय आणि हीच गोष्ट सांगतोय असं समजा. त्याला काय म्हणाल?" मी म्हणालो, "म्हणेन, बाबा, अख्ख्या जिल्ह्यात बेड नव्हते. तू दोन दिवस झोपला नाहीस, आणखी काय करणार होतास?" डॉक्टर म्हणाले, "मग हे वाक्य तुमच्या वाट्याला का येत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. घाटातनं घरी येईपर्यंत मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

नंतर या विषयावर वाचायला लागलो. जगात याचा रीतसर अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली त्याची मांडणी केली. मूळ विचार त्यांनी बौद्ध परंपरेतनं घेतला. म्हणजे आपल्याच अंगणातला विचार फिरून परत आला. अभ्यासक त्याला आत्मकरुणा म्हणतात. शब्द जड आहे. आपला साधा शब्द माया. स्वतःवर माया करणं.

त्यात तीन गोष्टी येतात. पहिली, अडचणीत स्वतःशी मायेनं बोलणं. दुसरी, हे दुःख माझ्या एकट्याचं नाही, माणसाच्या जातीलाच ते लागलेलं आहे हे ओळखणं. तिसरी, त्रास होतोय हे लपवायचंही नाही आणि फुगवायचंही नाही, आहे तेवढं बघायचं. २०१२ साली अशा बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून तपासले गेले. ज्यांना स्वतःशी मायेनं वागता येतं त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि ताण बराच कमी आढळला. नेफ आणि ख्रिस्तोफर जर्मर यांनी आठ आठवड्यांचा एक शिकवणीवर्ग तयार केला. त्याची २०१३ साली चाचणी झाली, तेव्हा वर्ग केलेल्यांचा त्रास न केलेल्यांपेक्षा जास्त कमी झाला. म्हणजे ही गोष्ट शिकता येते, ती जन्मतःच अंगात असावी लागते असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ताणाच्या काळासाठी एक सचित्र पुस्तिका काढली. त्यातल्या पाच कौशल्यांपैकी एक हेच आहे, स्वतःशी आणि दुसऱ्याशी मायेनं वागणं.

आता कुणी म्हणेल, ही सगळी अमेरिकेची थेरं. तर जरा नायगावला या.

सावित्रीबाई आपल्या तालुक्याच्या. जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव. दर वर्षी त्या दिवशी आपण तिथं गर्दी करतो, मंत्री येतात, भाषणं होतात, मी बातमी करतो. पण याच नायगावातनं सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या एका पत्राबद्दल आपण फारसं बोलत नाही. त्या आजारी होत्या आणि माहेरी आल्या होत्या. पत्रात त्या सांगतात, की भावानं आजारपणात खूप सेवा केली. आणि तोच भाऊ त्यांना बोलही लावत होता. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हा नवरा-बायकोला वाळीत टाकलं ते बरोबरच झालं, आता तरी जातीच्या रीतीनं वागा, असा त्याचा सूर होता.

विचार करा. अंथरुणाला खिळलेली पंचविशीची बाई. ज्याच्या हातचं औषधपाणी घ्यायचं, त्याच्याच तोंडून ऐकायचं की दोष तुझाच. आपल्या घरांतही हेच असतं की. माया आणि बोल एकाच तोंडून येतात. सावित्रीबाईंनी काय केलं? भावाची सेवा मनापासून मानली, तसं लिहिलंही. त्याचा बोल मात्र स्वतःला लावून घेतला नाही. त्याला तिथल्या तिथं नीट समजावून उत्तर दिलं. सेवा कुठली आणि दोषारोप कुठला, याची त्यांनी वाटणी केली.

पुढं १८६३ साली फुले दांपत्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांनीच ठरवावं. तिथं दारात कुणी निवाडा करत नव्हतं. लाजेनं आणि दोषानं माणसं मरतात, हे त्या दोघांनी तेव्हा ओळखलं होतं. आपण दर ३ जानेवारीला हार घालतो, पण ही गोष्ट अजून शिकलो नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतःवर माया करणं म्हणजे दोषाचा हिशेब नीट मांडणं. माझ्या हातात किती होतं, नव्हतं किती, आणि जे होतं त्याचं आता काय करायचं. कांद्याचा निर्णय काकांच्या हातात नव्हता. बेड माझ्या हातात नव्हते. भरतीच्या जागा त्या पोरीच्या हातात नाहीत. जे आपलं नाही ते आपल्या खात्यावर लिहिलं, तर हिशेब चुकतो आणि माणूसही मोडतो.

लगेच लोक म्हणतात, "असं केलं तर माणूस आळशी होईल, चुका झाकेल." मलाही तसंच वाटायचं. पण अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात याची परीक्षा घेतली गेली, २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. अवघड पेपरात कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, अपयशाकडं मायेनं बघा, असं सुचवलं होतं. पुढच्या पेपरासाठी त्यांनीच जास्त वेळ अभ्यास केला. कारण सरळ आहे. शिव्या खाणारं पोरगं पुस्तकाजवळ जायलाच भितं.

माझाच दाखला देतो. हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट माझ्या खात्यावर खरोखर निघाली. वडिलांची नव्हे, माझ्या बातम्यांची. वर्षानुवर्षं मी मथळे दिले, "नापास झाल्याच्या नैराश्यातून विद्यार्थ्याने जीवन संपवले". एका ओळीत कारण ठरवून मोकळा. मेलेल्याच्या घरच्यांना काय वाटेल, त्याच निकालात नापास झालेलं दुसरं पोरगं हे वाचेल तेव्हा काय होईल, हा विचार केला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय प्रेस परिषदेनं आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ठळक जागा देऊ नका, पद्धत सांगू नका, सनसनाटी मथळे देऊ नका. मी त्या नीट वाचल्या त्या बऱ्याच उशिरा. स्वतःला नालायक म्हणत बसलो असतो तर ती बातम्यांची फाईल उघडायचं धाडसच झालं नसतं. "चुकलं, आता सुधारू" असं म्हणता आलं, म्हणून तसले मथळे देणं थांबवलं. ज्यांच्या घरच्या बातम्या मी तशा दिल्या, त्यांची आज इथं माफी मागतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "भाव नाही, काम नाही, आणि तुम्ही म्हणताय स्वतःवर माया करा?" बरोबर आहे. कुणी कंपनीवाला कामगारांना काढून टाकून त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवणार असेल, तर ती चेष्टा आहे. मायेनं भाव वाढत नाही. पण ज्या काकांना वाटतं की सगळी चूक माझीच, ते मोर्चाला कशाला येतील? ज्या पोरीला वाटतं की मीच नालायक, ती भरतीच्या वेळापत्रकाचा जाब कुणाला विचारेल? स्वतःला खाणारा माणूस सरकारला जाब विचारत नाही. तो खोलीत कडी लावून बसतो.

आणि हे आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे. देशात सगळ्यात जास्त. देशभरात अशा दर दहा जणांत सात पुरुष आहेत. ज्यांना लहानपणापासून "रडतोस काय पोरीसारखा" असं ऐकवलं, तेच हे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेलं माणूस दर वीसजणांमागं एक निघालं, आणि नैराश्यातल्या शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण आपल्याकडं फार वेगळं असेल असं मला तरी वाटत नाही.

आता करायचं काय? मला उपयोगी पडलं ते सांगतो. मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

एक. मित्राचा प्रश्न. स्वतःला शिवी द्यायची वेळ आली की थांबायचं आणि विचारायचं, हेच मित्राच्या बाबतीत झालं असतं तर त्याला मी काय म्हणालो असतो? आणि तेच वाक्य स्वतःला म्हणायचं. नाव घेऊन म्हटलं तर जास्त बरं. सुरुवातीला लाज वाटते, खोटं वाटतं. तरी म्हणायचं.

दोन. छातीवर हात. छातीत धडधड सुरू झाली की पाय जमिनीला टेकवायचे, तळहात छातीवर ठेवायचा, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, दहा वेळा. मनात एवढंच, "आत्ता मला त्रास होतोय. असा त्रास माणसाला होतो." आई लेकराच्या पाठीवरनं हात फिरवते तेव्हा लेकरू शांत होतं, तसंच हे.

तीन. दोन रकाने. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. एकीकडं "माझ्या हातात होतं", दुसरीकडं "नव्हतं". खरं खरं लिहायचं. पहिल्या रकान्यातल्या एका गोष्टीचं उद्या काय करणार, ते खाली लिहायचं. वही मिटायची.

चार. एका माणसाला सांगायचं. बायको, भाऊ, मित्र, मास्तर, कुणीही. आणि ऐकणाऱ्यानं लगेच उपाय सांगू नये, "एवढंच होय?" म्हणू नये. "बोल, मी आहे" एवढं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःवर माया करणं म्हणजे औषधोपचाराला पर्याय नाही. दोन आठवडे झाले तरी मन उठत नाही, झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही, असं असेल तर डॉक्टरकडं जा. साखर वाढली की जातो ना, तसंच. गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका. आणि जगणं नको असा विचार मनात येत असेल तर आजच, आत्ता कुणाला तरी सांगा आणि १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. मोबाईलमध्ये नंबर आत्ताच सेव्ह करा. आपल्यासाठी नाही तर शेजाऱ्यासाठी.

कायदासुद्धा आता आपल्यापेक्षा मायाळू आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं ११५ वं कलम म्हणतं, की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार व पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. आपण मात्र अशा माणसाकडं बघून अजून पाराजवळ कुजबुजतो.

म्हणून गावासाठी तीन मागण्या. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. १४४१६ चा फलक शाळा, एसटी स्टँड, बाजार समिती, दवाखाना आणि कंपन्यांच्या गेटवर लागला पाहिजे. खर्च किती, एका फ्लेक्सचा. वाढदिवसाचे फ्लेक्स लावतोच की. दुसरं, दहावी-बारावीच्या निकालादिवशी शाळेनं फक्त पहिल्या आलेल्यांचे सत्कार करू नयेत, नापास झालेल्या प्रत्येक पोराच्या घरी एका शिक्षकानं जावं. तिसरं, तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक आठवड्यातल्या कुठल्या वारी भेटणार ते ठरलेलं असावं आणि गावोगावी माहीत असावं.

लोणंदला दरवर्षी माऊलींची पालखी मुक्कामाला येते. पायाला फोड आलेले वारकरी ओट्यावर बसतात आणि आपली माणसं त्यांचे पाय तेलानं चोळून देतात. "झेपत नव्हतं तर आलास कशाला?" असं त्यांना कुणी विचारत नाही. चालणाऱ्याच्या पायाला फोड येणारच, हे आपल्याला कळतं. हे कळणं वर्षातल्या त्या दिवसांपुरतंच नको, आणि फक्त दुसऱ्याच्या पायापुरतंही नको.

परवा ते कांद्यावाले काका पुन्हा भेटले. या खेपेला मी भाव विचारला नाही. म्हणालो, "काका, त्या साली चूक तुमची नव्हती. बंदीनं भाव पडला." ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, ह्ये तवाच का न्हाई बोल्लास?"

त्यांचं बरोबर आहे. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. म्हणून आज लिहितोय. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. पोस्ट शेअर केली नाहीत तरी चालेल, पण त्या माणसाला आज एक फोन करा.